वस्तीजवळची नदी स्वतः तपासायची असेल तर: किट घेण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीजवळून वाहणाऱ्या नदीला काही दिवस उग्र वास येतो आणि पाण्यावर करडा फेस दिसतो. मग काही दिवस काहीच जाणवत नाही. महिन्यातून एकदा होणाऱ्या अधिकृत तपासणीत मात्र पाणी मर्यादेत असल्याचे सांगितले जाते. आपला आठ-दहा जणांचा गट आता स्वतः तपासणी करणार आहे. त्यासाठी कोणते किट घ्यावे आणि ते आकडे पुढे कोणी मानील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

पाणी तपासण्याचे आणि अशा गटांना ते शिकविण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. माझ्या मते किटचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येतो. आपली खरी अडचण वेळेची आहे. महिन्याचा एक नमुना, तोही बहुधा कामाच्या वेळेत आणि पुलासारख्या सोयीच्या ठिकाणी घेतलेला, खोटा नसतो. पण तो त्या क्षणापुरता असतो. सांडपाणी नदीत एकसारखे येत नाही. घराघरांतला पाण्याचा वापर सकाळी आणि संध्याकाळी वाढतो व तो लोंढा वाहिन्यांतून काही तासांनी पुढे पोचतो. पंपिंग स्टेशनची वीज गेली की तुंबलेले पाणी थेट नाल्यात जाऊ शकते, आणि जोराचा पाऊस आला की मैला व पावसाचे पाणी एकत्र वाहून नेणारी गटारे ओसंडून नदीत येतात. महिन्यातल्या एका बाटलीत यांपैकी काहीही सापडले नाही तर त्यात नवल नाही. म्हणून अशा गटाने प्रयोगशाळेशी अचूकतेत स्पर्धा करू नये. आपण काठावर राहता, त्यामुळे पहाटे, वीज गेल्यावर किंवा पहिल्या पावसात नमुना घेणे आपल्यालाच शक्य आहे. अधिकृत नमुना नेमका कुठे आणि केव्हा घेतला पाहिजे, हे पुराव्यासह दाखवून देणे, एवढे साधले तरी आपली तपासणी कामी आली असे समजावे.

पुढचे बरेचसे काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या आपल्या प्रश्नात आलेल्या नाहीत. नदीचा तो पट्टा भरती-ओहोटीच्या टप्प्यात असेल तर 'वरच्या अंगाला स्वच्छ, खालच्या अंगाला घाण' हा साधा तर्क चालत नाही, कारण दिवसातून दोनदा पाणी उलटे फिरते आणि खारेपणामुळे वाहकतेचे, म्हणजे विरघळलेल्या क्षारांच्या मापाचे, आकडेही निरुपयोगी होतात. सांडपाण्याचे तोंड एकच आहे की घरोघरच्या शोषखड्ड्यांतून झिरपणारे पाणी लांबवर पसरून येते, यानेही पद्धत बदलते. काठावर गुरांचे गोठे असतील तर जिवाणूंच्या आकड्यांचा अर्थ लावणे अवघड होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नदीत पाणी किती आहे. तिथूनच सुरुवात करू.

प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्यात बीओडी, म्हणजे जिवाणूंना घाण कुजवताना लागणारा प्राणवायू, साधारण २०० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो असे धरा. अमोनिया-नायट्रोजन ३० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये दहा लाख ते एक कोटी इतके असतात. हे सांडपाणी नदीत दहापट पातळ झाले तर बीओडी २० आणि अमोनिया ३ होतो. साध्या रंगबदलाच्या किटवरही इतका अमोनिया स्पष्ट दिसतो. शंभरपट पातळ झाले तर बीओडी २ आणि अमोनिया ०.३ वर येतो. इथे स्वस्त चाचणीपट्टी अडखळू लागते आणि बीओडीचा आकडा निर्मळ नदीच्या आकड्यात मिसळून जातो. हजारपट पातळ झाल्यावर बीओडीत ०.२ ची भर पडते, जी कोणत्याही प्रयोगशाळेला खात्रीने वेगळी काढता येणार नाही, पण ई. कोलाय तेव्हाही १०० मिलिलिटरला हजार ते दहा हजार असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ साली जलक्रीडेच्या पाण्यासाठी सुचविलेली ई. कोलायची भूमितीय सरासरी १०० मिलिलिटरला १२६ आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल. थोडक्यात, भरलेल्या मोठ्या नदीत जिवाणू बोलतात आणि आटलेल्या छोट्या नदीत अमोनिया व प्राणवायू बोलतात. 'पाणी मर्यादेत आहे' हे विधान कोणत्या घटकाविषयी आणि नदीत किती पाणी असताना केले गेले, हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

यात एक जुना संदर्भ उपयोगी पडतो. सोडलेल्या पाण्यात बीओडी २० आणि तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतील, हे प्रमाण ब्रिटनच्या सांडपाणी विल्हेवाटीवरील रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात मांडले आणि पुढे ते किंवा त्याच्या आसपासचे आकडे अनेक देशांत रूढ झाले. त्या शिफारशीमागे एक अट गृहीत होती: नदीचे निदान आठपट स्वच्छ पाणी त्यात मिसळावे. ही अट पुढे बहुतेक ठिकाणी विस्मरणात गेली. उन्हाळ्यात नदीत वरून येणारे पाणी नाममात्र असते आणि प्रवाह मुख्यतः सांडपाणी केंद्रातून सोडलेल्या पाण्याचाच असतो, तेव्हा केंद्र नियम पाळत असूनही नदी मरू शकते. तक्रार करताना 'केंद्र नियम मोडते' असे घाईने लिहू नये, याचे हेही एक कारण.

आता साधनांविषयी. सुरुवातीला दोनच गोष्टी घ्याव्यात: वाहकता मोजणारा खिशात मावेल असा मीटर आणि अमोनियाचे रंगबदलाचे किट. वाहकता म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे ढोबळ माप. तिचा नुसता आकडा काहीच सांगत नाही, कारण तो खडकांवर आणि जमिनीवर अवलंबून असतो. पण काठाने चालत दर शंभर पावलांवर मीटर बुडवत गेलात आणि एका ठिकाणी आकडा अचानक चढला, तर तिथे काहीतरी वेगळे पाणी येऊन मिळते आहे हे नक्की. झुडपांत दडलेली, पाण्याखाली बुडालेली तोंडे अशीच सापडतात. मग तिथे अमोनिया पाहावा. ताज्या सांडपाण्याची ती चांगली खूण आहे. प्रवाहात पुढे जाताना जिवाणू त्याचे नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, म्हणून अमोनिया जास्त आणि नायट्रेट कमी असेल तर उगम जवळ आहे असे मानायला हरकत नाही. अमोनियासोबत पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) आणि तापमान मात्र न चुकता लिहावे. माशांना मारतो तो अमोनियाचा मुक्त अंश, आणि २५ अंश सेल्सियसला तो पीएच ७ वर अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, ८ वर सुमारे ५ टक्के, तर ९ वर ३५ टक्क्यांच्या आसपास असतो. एकच अमोनियाचा आकडा एका दुपारी निरुपद्रवी आणि दुसऱ्या दुपारी जीवघेणा ठरतो, तो यामुळे. किट निवडताना सॅलिसिलेट पद्धतीचे घ्या. नेस्लर पद्धतीच्या द्रावणात पारा असतो आणि नदी वाचविण्यासाठी निघालेल्यांनी तो ओतायचा कुठे, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

विरघळलेला प्राणवायू मोजताना बहुतेक गट फसतात, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: समुद्रसपाटीला शून्य अंशावर सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर, २० अंशांवर ९.१, आणि ३० अंशांवर ७.६. हे झाले संपृक्ततेचे आकडे. सांडपाण्याने पोसलेल्या नदीत शेवाळ माजते आणि ते दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडते. त्यामुळे भर दुपारी हिरव्या, घाणेरड्या पाण्यात प्राणवायू संपृक्ततेच्याही वर गेलेला आढळतो आणि कागदावर नदी उत्तम दिसते. रात्री हेच शेवाळ, जिवाणू आणि तळातला गाळ मिळून तो ओढून घेतात व सूर्योदयाच्या सुमारास आकडा तळाला जातो. माशांचा जीव त्या पहाटेच्या आकड्यावर ठरतो. एकाच ठिकाणी एकाच दिवशी पहाटे आणि दुपारी घेतलेली दोन मोजमापे शेजारी शेजारी मांडली, तर 'अकरा वाजता घेतलेला नमुना पुरेसा का नाही' हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

प्राणवायूचा चांगला मीटर महाग असतो आणि त्याची निगाही राखावी लागते. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली रासायनिक पद्धत आजही विश्वासार्ह आहे, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेची मदत मिळत असेल तर मी तीच सुचवीन. काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत पाणी बुडबुडा न येऊ देता भरायचे, त्यात आधी मँगनीज सल्फेटचे आणि मग अल्कली-आयोडाइडचे द्रावण पिपेटने पृष्ठभागाच्या खाली सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ढगासारखा साका तयार होऊन हळूहळू खाली बसतो. तो तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे; पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. पुढचे अनुमापन, म्हणजे प्राणवायूचा नेमका आकडा काढण्याचे काम, रसायनशाळेत जाऊन करता येते, पण हा पांढरा साका काठावरच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिसतो. आकड्यांना कंटाळणारी माणसेही ती बाटली हातात घेऊन पाहतात. द्रावणे दाहक असल्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे काम मुलांकडे देऊ नये.

जिवाणूंची चाचणी मात्र स्वतः करण्यापेक्षा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून थोडीच, पण नीट करून घ्यावी, असे मी सांगेन. निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवलेला नमुना आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळा, हे तिन्ही पाळता येत नसेल तर तो खर्च करू नये. क्लोरीन टाकून सोडलेल्या पाण्याचा नमुना असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले लागते, नाहीतर प्रवासात क्लोरीन जिवाणू मारत राहते आणि निकाल सोयीस्कर येतो. ई. कोलाय माणसाचे की गुरांचे हे साध्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी एचएफ१८३ यासारखी, माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंची जनुकीय खूण तपासणाऱ्या प्रयोगशाळा असतात. तितकी ऐपत नसेल तर एक स्वस्त युक्ती आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेली द्रव्ये असतात, ती गुरांच्या शेणात नसतात. विरंजक न लावलेल्या साध्या कापसाची चकती जाळीच्या पिशवीत घालून नाल्यात काही दिवस बांधून ठेवायची, काढून धुवायची, अंधारात वाळवायची आणि अतिनील दिव्याखाली पाहायची. ती निळसर चमकली तर त्या नाल्यात घरगुती पाणी येते. कापूस आधी न चमकणारा आहे ना, हे त्याच दिव्याखाली आधी तपासून घ्यावे, आणि एक चकती नदीच्या निर्विवाद स्वच्छ भागात तुलनेसाठी लावावी.

तळातल्या जीवांकडेही पाहावे. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांच्या अळ्या दगडांखाली भरपूर असतील तर गेले काही महिने पाणी बरे राहिले आहे; नुसते लाल गांडुळासारखे ट्युबिफेक्स आणि लाल कायरोनोमस अळ्या असतील तर प्राणवायू वारंवार संपतो आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या संशोधकांनी १९०८-०९ मध्येच अशा जीवांवरून घाणीच्या पायऱ्या मांडल्या होत्या. दगडांवर राखाडी, कापसासारखे लोंबणारे थर दिसले तर ती 'सांडपाण्याची बुरशी', प्रत्यक्षात तंतुमय जिवाणू. सेंद्रिय घाण सातत्याने येत असल्याची ती मोठी खूण, म्हणून छायाचित्र जरूर घ्यावे. रात्री सोडलेले पाणी सकाळपर्यंत वाहून जाते, पण मेलेल्या अळ्या परत यायला वेळ लागतो.

नमुन्याची ठिकाणे निवडताना संशयित तोंडाच्या वर एक आणि खाली निदान दोन ठेवावीत. तोंडातून आलेले पाणी लगेच मिसळत नाही. ते बरेच अंतर एकाच काठाला धरून वाहते. दुसऱ्या काठावर बाटली भरली तर काहीच सापडणार नाही, आणि तोंडाजवळच भरली तर नदीचा नव्हे, नाल्याचा नमुना हाती येईल. जिथे दोन्ही काठांवर आणि मध्ये वाहकता सारखी येते, तिथपासून खालचा भाग मिसळलेला धरावा. प्राणवायूसाठी आणखी खाली जावे लागते. स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकी संशोधकांनी १९२५ मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून दाखवून दिले की प्राणवायूचा तळ सांडपाण्याच्या तोंडाशी नसतो, तर कुजण्याची क्रिया हवेतून मिळणाऱ्या प्राणवायूवर मात करते तितक्या अंतरावर पुढे असतो. तोंडाशी प्राणवायू ठीक आहे म्हणून कोणी हात झटकत असेल तर हे त्याला दाखवावे.

शक्य असेल तर प्रवाहही मोजा, अगदी तरंगत्या काठीने का होईना. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणायचा, मग नदीच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाने गुणायचे. प्रति लिटर एक मिलिग्रॅम आणि प्रति सेकंद एक घनमीटर म्हणजे दिवसाला ८६.४ किलो, हे सूत्र पाठ ठेवावे. समजा पाणी पूर्ण मिसळल्यानंतर वरच्या आणि खालच्या ठिकाणच्या अमोनिया-नायट्रोजनात ०.५ मिलिग्रॅमचा फरक आहे आणि प्रवाह प्रति सेकंद चार घनमीटर आहे. भर झाली दिवसाला सुमारे १७३ किलो. माणसामागे दिवसाला साधारण ८ ते १२ ग्रॅम नायट्रोजन सांडपाण्यात येतो, तेव्हा हे अंदाजे १४ ते २२ हजार लोकांचे सांडपाणी झाले. हिशेब ढोबळ आहे, पण 'एखाद-दुसऱ्या घराची गळती असेल' या उत्तराला तो पुरेसा आहे.

आकडे कोणी मानील का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे नोंदवहीत आहे. पाने शिवलेली वही घ्यावी, सुटे कागद नकोत. ठिकाण, वेळ, हवामान, मागचा पाऊस, मोजणाऱ्याचे नाव, मीटर प्रमाणित द्रावणात तपासल्याची नोंद, आणि खाडाखोड करायची तर एका रेघेने, वाचता येईल अशी. दर फेरीला एका ठिकाणी दोन नमुने घ्यावेत आणि एक बाटली शुद्ध पाण्याची भरून तीही तशीच तपासावी; कोऱ्या पाण्यात अमोनिया दिसला तर त्या दिवसाचे सारे आकडे बाजूला ठेवावेत. अधूनमधून एकच नमुना दोन भागांत विभागून अर्धा प्रयोगशाळेला द्यावा आणि आपला आकडा त्याच्याशी किती जुळतो हे उघडपणे लिहावे. पद्धत सुरुवातीलाच लिहून जाहीर करावी, आणि चांगले आकडे आले तर तेही तितक्याच ठळकपणे द्यावेत. एखाद्या गटाने फक्त वाईट दिवसच मोजले आहेत असा वास आला की अधिकारी तो कागद बाजूला सारतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

सुरक्षेचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. एकट्याने जाऊ नये, बाटली काठीला बांधून भरावी, जखम उघडी ठेवू नये. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होऊ शकणारा आजार, हा उगाच भीती घालण्यासाठी घेतलेला शब्द नाही. मॅनहोलमध्ये किंवा बंदिस्त नाल्यात कोणत्याही कारणाने उतरू नये. तिथला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, म्हणून वास येईनासा झाला तर धोका टळला असे समजू नका.

तक्रार लिहिताना आरोप टाळून निरीक्षण मांडावे: अमुक तोंडाच्या वर इतके, खाली इतके, अमुक वारी अमुक वेळेत, इतक्या फेऱ्यांपैकी इतक्या वेळा, सोबत वहीच्या पानांच्या प्रती आणि वेळ उमटलेली छायाचित्रे. मग एकच मागणी करावी, की अधिकृत नमुना त्याच ठिकाणी, त्याच वेळेत, आमच्यापैकी कोणी हजर असताना घेतला जावा. कायदेशीर कारवाईसाठी बहुतेक ठिकाणी नमुना अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो, त्यामुळे आपली बाटली न्यायालयात टिकेल का यावर शक्ती घालवू नये. मागणी नाकारली गेली तर तो नकार लेखी मागावा. त्याचाही पुढे उपयोग होतो.

आपल्या पट्ट्यात भरतीचे पाणी येते का, वरच्या अंगाला किती नाले मिळतात आणि पंपिंग स्टेशन तिथून किती दूर आहे, एवढे कळविलेत तर ठिकाणे आणि वेळा ठरवायला मदत करता येईल. तोवर मीटर घेऊन एकदा काठाने चालून या आणि वाहकतेचे आकडे क्रमाने लिहून ठेवा.